चौथीचं नाव

निकाल मी फोनवर सांगायचो
कुडचड्याच्या स्टेशनच्या पुलावर उभा राहून,
रेंज तिथंच धरायची.
पलीकडे पणजीत डेस्कवरचा पोरगा
काहीतरी चघळत विचारायचा, 'किती ओळी?'
मी म्हणायचो, बारा.
तो म्हणायचा, सात.

सात ओळींत सांगे-केप्यातल्या सगळ्या हायस्कुलांची मैदानी स्पर्धा:
गोळा, थाळी, लांब उडी,
मुलांचे शंभर, मुलींचे आठशे.
पहिले तीन. नाव, आडनाव, शाळा.
सेकंद सांगू नका, म्हणायचा,
तुमच्या घड्याळावर आमचा विश्वास नाही.
बरोबरच होतं त्याचं.
घड्याळ कास्मिरो मास्तरांचं,
दोनदा झुआरीत पडलेलं.

त्या वर्षी खाणी बंद होत्या.
मैदानाच्या कडेनं ट्रक उभे, हौद्यांत गवत उगवलेलं,
आणि मैदान तरीही तांबडं.
धूळ काही कुणाच्या हुकमानं थांबत नाही.
फक्कीच्या रेषा दुपारपर्यंत गुलाबी व्हायच्या.

आठशेत सुरक्षा वेळीप अनवाणी धावली.
नेत्रावळीहून पहिल्या बसनं आलेली,
दुसऱ्या फेरीत तिसरी होती,
शेवटच्या वळणावर चौथी झाली, हातभर अंतरानं.
धापा टाकत माझ्या वहीवर वाकली,
घामाचा थेंब थाळीफेकीच्या निकालावर पडून
दुसरा नंबर पुसट झाला.
'सर, म्हजें नांव येतलें?'
मी वही मिटली.
म्हटलं, येईल.

पाच वाजता तिथंच हॉकी.
दुसऱ्या विभागाची लीग,
वर्कशॉप इलेव्हन विरुद्ध सावर्डे बॉईज,
बघायला मी, दोन गुरं आणि भजीवाला.
गोलकीपर मिंगेलचे पॅड
त्याच्याच उभ्या ट्रकच्या सीटमधल्या स्पंजाचे;
चेंडू बसला की त्यातून तांबडा धूर निघायचा,
जणू राहिलेला पगार.
एक-शून्य.
गोल कुणाचा, हे करणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.
सेंटर हाफ म्हणाला माझा, त्याचा भाऊ म्हणाला माझा,
मी वयानं मोठ्याच्या नावावर टाकला.

हॉकीच्या बातमीची शेवटची ओळ ठरलेली:
पंच म्हणून अमुक आणि तमुक यांनी काम पाहिले.
ही एक ओळ डेस्क कधी कापत नाही,
का ते मी सव्वीस वर्षांत विचारलं नाही.
त्या संध्याकाळी पुलाखालून कोळशाची मालगाडी जात होती
आणि मी सांगत होतो,
पंच म्हणून कास्मिरो रिबेलो
आणि सुरक्षा वेळीप
यांनी काम पाहिले.
'कोण?' तो ओरडला.
मी अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं,
वॅगनींच्या मधल्या फटींत.
सव्वीस वर्षांतली एवढी एकच खोटी ओळ.
तो गोल सोडला तर.

पंधरा दिवसांनी बाजारात तिचा बाप भेटला,
मिरचीच्या पाटीमागे उकिडवा बसलेला.
कमरेच्या पिशवीतून त्यानं कात्रण काढलं,
घड्यांवर फाटायला आलेलं.
'हे पंच,' तो म्हणाला, 'म्हणजे पाचवी ना?
पंचमी ती पाचवी.
पण पोर देवाची आण घेऊन सांगते, चौथी आली.'

मी कात्रण घेतलं. उजेडाकडे धरून
वाचल्यासारखं केलं.
'छपाईची चूक,' म्हटलं. 'चौथीच.'

त्यानं माझ्याकडं बॉलपेन मागितलं,
कात्रण गुडघ्यावर ठेवून
'पंच' खोडलं, नीट, दोन रेघांनी,
आणि वर चाराचा आकडा काढला,
त्या वळणासारखाच, जरा जास्त वाकलेला.
मग पाव किलो मिरची तोलून दिली मला.
पैसे मात्र पुरते घेतले.