तात्काळ प्रभावाने

परिपत्रक शुक्रवारीच येतं,
संध्याकाळी सहा चाळीसला,
रविवार कारंज्यावर दिवे लागलेले,
शिपाई शटर अर्धं ओढून विचारतोय,
मॅडम, निघायचं का?

एकोणतीस पानं.
‘यापूर्वीच्या सर्व सूचना अधिक्रमित समजाव्यात.’
अनुपालन अधिकारी झाल्यापासून
हा शब्द मी घरीही वापरते.
काल मुलाला म्हटलं,
तुझी सकाळची परवानगी अधिक्रमित झाली.

आमची बँक लहान. शाखा चार.
त्यातली एक नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्याजवळ
(यावर जुने सभासद एकच विनोद करतात,
तो इथे देत नाही).
नवा नियम म्हणतो, प्रत्येक खात्याला रंग द्या:
हिरवा, पिवळा, लाल.
यंत्रानं रात्रभर चाळून
सोमवारी एकच नाव लाल केलं.
मुरलीधर सखाराम कोठुळे, पिग्मी एजंट,
दोनशे बारा खात्यांशी संबंध.
संबंधाचे स्वरूप: अज्ञात.

तळघरातून जुने अर्ज काढले.
टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला.
तळाशी एक रकाना, जो आता नसतो:
‘मी अर्जदारास ....... वर्षांपासून ओळखतो.
परिचयदात्याची सही.’
दोनशे बारा वेळा तोच कलता ‘को’.
भद्रकालीतली कांदेवाली, नऊ वर्षे.
तांबट लेनमधला कल्हईवाला, जन्मापासून.
नजमाबी खतीब, शिवणकाम:
‘वर्षे’ खोडून वर बारीक अक्षरात,
हिच्या आईला ओळखत होतो.
एका अर्जावर आकड्याच्या जागी नुसतं
‘बरीच’.
तेव्हाच्या लेखापरीक्षकानं
त्यावरही हिरवी खूण केलेली.

हात मळलेच होते,
म्हणून कोठुळ्यांना कोणी ओळखलं ते शोधलं.
गंगाधर भरते, भांड्यांचे व्यापारी.
भरत्यांना? हरिभाऊ मुठाळ, खाते क्रमांक दोन.
मुठाळांना, खाते क्रमांक एकचे वैद्य मास्तर.
आणि वैद्य मास्तरांना
मुठाळ.
तारीख एकच. बहुधा टाकही एकच.
दोन माणसांनी एकमेकांकडे बोट दाखवून म्हटलं,
याला मी ओळखतो,
आणि त्यावर साठ वर्षं बँक उभी.
पान बावीसवर याला नाव आहे:
चक्रीय पडताळणी. ग्राह्य नाही.

नियम चुकलाय असं मी म्हणत नाही.
पलीकडच्या गल्लीतल्या पतसंस्थेनं
ओळखीवर कर्जं वाटली,
ओळखीवरच बुडाली.
माझ्या मावशीचे त्यात चाळीस हजार.
ती अजून त्या रस्त्यानं जात नाही,
रिक्षावाल्याला लांबून वळसा घ्यायला लावते.
सचिव तिला चांगला ओळखत होता.

बुधवारी कोठुळे आले.
सायकल खाली, पिशवी मांडीवर,
पिशवीत बँकेनं दिलेलं नवं यंत्र,
फडक्यात गुंडाळलेलं, पेढ्यांच्या पुड्यासारखं.
मी वाचून दाखवलं:
संबंधाचे स्वरूप स्पष्ट करा.
कोणाशी?
सगळ्यांशी.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
पहिलीपासून सांगू?
पडद्यावर जागा शंभर अक्षरांची होती.
मी म्हटलं, सांगा.

कांदेवाली. गल्ला बिस्किटाच्या डब्यात.
रोज वीस रुपये, गणपतीत पन्नास.
मंगळवारी मात्र तिच्याकडे मागायचं नसतं.
मी पुढे टंकत होते. विचारलं, का?

ते थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले.
ते नाही सांगता येणार.
ग्राहकाची गोपनीयता, मॅडम.
पान चौदा.

मी पान चौदा काढलं.
होतं.