सत्त्याऐंशी

एल आल्तोच्या शाळेमागे
चाकं नसलेली मिनीबस विटांवर उभी.
निल्दाबाई रेडिएटरचं झाकण काढून
सुतळीला बांधलेला थर्मामीटर आत सोडतात.
"वारा, चालू कर."
(वारा म्हणजे तिच्या आयमारा भाषेत तारा.)

इंजिन खोकतं,
विरळ हवेत धापा टाकत लागतं.
ऐंशी. त्र्याऐंशी.
सत्त्याऐंशीला बुडबुडे,
आणि पारा तिथंच हटून बसतो.

"पुस्तकात तर शंभर आहे," एफ्राइन म्हणतो,
जरा घाबरतच.
बाई ग्रीसचे हात पुसत राहतात,
मग नुसतं बोट दाखवतात
खाली, दरीकडे, त्याहून खाली.

बऱ्याच वेळानं वारा पुस्तक मागून घेते.
शंभर खोडत नाही,
शेजारी पेन्सिलीनं लिहिते:
समुद्राकाठी.

समुद्र तिनं पाहिलेला नाही.
पानावर तिचा काळा, तेलकट अंगठा.