पाच गुणांचा प्रश्न

खानापुरात वीज गेलीय. मेणबत्तीपाशी
दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर. सव्वीस.
स्टेशनात लोंढ्याकडची मालगाडी
कधीची उभी आहे, धापा टाकत.

प्रश्न सातवा, मीच काढलेला:
'दोन्ही कथांतील पात्रे प्रतिकूल परिस्थितीशी
कशी झगडतात? तुलना करा.'

पंचवीस जणांनी गाइडातलं उतरवलंय:
मिठागराचा राखणदार शूर, कारकून बाई सोशिक,
दोघांकडूनही आपण जिद्द शिकतो.

सातेरी गावडे. कणकुंबीच्या पुढे,
बस जिथं वळते तिथून तासभर पायी. ती लिहिते:

'पहिल्या गोष्टीत पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला.
लेखक सगळं मोजून सांगतो.
भीती वाटते, पण किती ते कळतं.
दुसऱ्या गोष्टीत कोणी काहीच करत नाही.
बाईंची खुर्ची रोज चार बोटं दाराकडे सरकलेली असते,
एवढंच.
मला दुसरी वाचताना जास्त धाप लागली.'

इथवर तीन गुण, साडेतीनसुद्धा.
मग तिनं पान उलटलंय.

'आमच्या काकाला आस्वलानं फाडलं.
गाल लोंबत होता.
काका आस्वलावर कधी रागावला नाही,
म्हणतो, पिल्लं होती सोबत, मीच आडवा गेलो.
त्याचा राग दवाखान्यातल्या खिडकीवर.
फॉर्म कानडीत, काका कण्हत होता मराठीत.
आतला माणूस म्हणाला, नीट सांग.
मग इरव्वा सिस्टर आली, कुंदर्री म्हणाली,
बाकावर बसवलं आणि फॉर्म आपणच भरला.
ही गोष्ट कोणी लिहिली
तर आस्वलाला जास्त पानं देऊ नयेत.'

अभ्यासक्रमाबाहेरचं. विचारल्या दोन गोष्टी,
हिनं तिसरी आणली. नियमानं शून्य.

आणि वाचता वाचता माझ्या लाल पेनानं
तीन गोल काढून ठेवलेत,
समासात, वळणदार अक्षरात:
अस्वल. अस्वल. अस्वल.

खिडकीपलीकडचा माणूस असंच
म्हणाला असेल का, चष्मा न उचलता.

मालगाडी हलली. मेणबत्तीही.
सातेरीचा पेपर गठ्ठ्याच्या तळाशी सरकवते.
गुण उद्या देईन,
उजेडात.