न जळालेल्या काटकीचा भाव

मोज बाबा, मोज.
छातीच्या उंचीवर टेप लाव,
आकडा मोठ्याने सांग, येशिवास,
नात वहीत लिहिते आहे माझी.
एक ध्यानात ठेव, हे झाड कुणी लावलेलं नाही.
ते होतंच. खाली.

दामोट डोंगराच्या या अंगाला
मी लग्न होऊन आले तेव्हा टेकडी
खरवडलेल्या तव्यासारखी.
पाऊस यायचा तो थांबायचा नाही,
मातीला हाताशी धरून निघून जायचा.
एका साली अंजुलोच्या एन्सेतवर
रात्रीतून दगडांचा लोंढा बसला.
केळीसारखं दिसणारं, केळं न देणारं ते झाड,
त्याचे गड्डे आम्ही सकाळी हातांनी उकरले:
सात माणसांचं दोन वर्षांचं जेवण.

तुमची माणसं आली तेव्हा
शिव्या देणाऱ्यांत मी पहिली. खोटं कशाला बोलू?
शेळ्या वर सोडायच्या नाहीत,
कोयता न्यायचा नाही,
आणि बदल्यात काय, तर हवा विकायची.
हवा!
म्हटलं, माझ्या शेळीचं पोट
तुझ्या हवेने भरून दाखव.

गेलेच रात्री. कोयता शेल्याखाली.
एक फुटवा तोडला, दुसरा तोडला,
तिसऱ्यावर उभ्या-उभ्याच घाव घातला
आणि वास आला.
आईच्या दुधाच्या मडक्याला असायचा तो,
रानजैतुनाच्या धुरीचा.
मला वाटलं होतं हे झाड
आमच्या गोष्टींतूनसुद्धा गेलं.

पकडली. दंड भरायला पैसे नव्हते,
म्हणून छाटणीला लावलं.
तेव्हा कळलं, मेलेल्या खुंटाखाली
मुळं जागीच असतात वर्षानुवर्षं,
उसाचा खोडवा धरावा तसं.
पंधरा फुटवे येतात,
तीन ठेवायचे, बाकी घरी न्यायचे.
म्हणजे जे चोरून तोडत होते
तेच आता मजुरी घेऊन.
अंजुलो अजून हसतो यावर.

पाचव्या वर्षी पहिला पैसा आला.
वडाखाली तीन दिवस भांडण.
कुणाला देवळावर पत्रे हवे होते,
डाना म्हणाला घरटी वाटून टाका,
वाटून पाहिलं तर घरटी
एक कोंबडी, तीही पाय सोडून.
आम्ही बायका उठलो:
मक्याचं पोतं पाठीवर घेऊन
जी तीन तास चाललेली नाही
तिने गिरणीवर बोलू नये.
गिरणी आली.
दोन महिन्यांत पट्टा तुटला,
एक अख्खा हंगाम ती गप्प बसली
आणि देवळाच्या पत्र्यांची बाजू जिंकत आली होती,
ते असो.
आता फिरते. पिठाच्या पैशातून
डाना पट्टा आधीच आणून ठेवतो.

आणि झरा.
तो कुणी मोजत नाही तुमच्यात.
मार्चमध्ये आटायचा, आता मे पाहतो.
सून पिवळा कॅन भरते
तेवढ्या वेळात माझी एक वाटी
मिठाची कॉफी संपत नाही.

तरी एक विचारू?
समुद्रापार कुणी धूर सोडतो,
त्याचा हिशेब इथे आमची पानं गिळतात,
आणि आम्ही विकतो ती नेमकी कोणती वस्तू?
न जळालेली काटकी.
त्याचं नाव मला माहीत नाही, माझं त्याला.
दरसाल तू येतोस, बुंधे मोजतोस.
त्याचा धूर घटला का,
त्याला टेप लावायला कोण जातं, येशिवास?

बोलू नको. तुझ्या पगारात नाही ते.
तुला विचारलं, कारण तू समोर आहेस.

एक्केचाळीस म्हणालास? पुन्हा बघ.
तिथे साल दुभंगून फुगली आहे,
माझ्याच कोयत्याचा व्रण तो.
त्याला धरून मोजायचं की जरा वरून
ते तुझ्या नियमात बघ.
पोरी, तू थांब. पेन उचलून धर.