चू. भू. दे. घे.

वडलांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं.
पितळी गुंड, पराती, लग्नाची मोड;
पावतीच्या तळाशी ते न चुकता लिहीत: चू. भू. दे. घे.
मी विचारायची, चूक कळली, मग भूल वेगळी कशाला?
ते म्हणत, मोजताना माणसाचं मन
कुठं गेलेलं असतं, सांगता येत नाही.

पुढं मी भूल द्यायला शिकले.
"आमची पोरगी भूल देते," असं गिऱ्हाइकांना सांगताना
त्यांचं त्यांनाच हसू यायचं.

नवतप्याचा चौथा दिवस, रात्रीचे पावणेतीन.
मेडिकल चौकातल्या भिंती अजून ऊन ओकत होत्या.
माझी त्या दिवसातली अकरावी भूल.
टेबलावर सुनंदा कोडापे, पारशिवनीकडची,
पोटातले ठोके मंदावलेले, अंगात सिकलसेल.
हिला गारठू द्यायचं नाही, हिच्या अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही,
ऑक्सिजनला तर क्षणभरही खाली येऊ द्यायचं नाही.
सलाइन कोमट केलं, पायांवर ब्लँकेट टाकलं.
सगळं आठवत होतं,
म्हणूनच बहुधा हातातलं पाहिलं नाही.

दोन ऍम्प्युल. दोन्ही बोटभर, दोन्हींत पाण्यासारखं पाणी.
एक कमरेखालचं शरीर दोन तास बधिर करतं.
दुसरं रक्त थांबवतं. शिरेतून गेलं तर जीव वाचवतं.
मणक्यात गेलं तर
हे वाक्य मी दरवर्षी वर्गात पूर्ण करते.
इथं करवत नाही.
यंदा पुरवठादार बदलला, लेबलाचा रंग बदलला,
डोळ्यांना कुणी कळवलं नाही.

वैजयंती रंगारी, नोकरीला सहा आठवडे,
काच फोडण्याआधी नाव मोठ्यानं वाचते.
कुणीतरी शिकवलंय तिला, मी नव्हे.
वाचलं. थांबली. पुन्हा वाचलं.
"मॅडम, हे ते नाही."

ऑक्सिमीटर तेवढा बोलत राहिला, एकाच सुरात.
पाठ वाकवून बसलेल्या सुनंदानं विचारलं,
"का झालं वो?"
"काही नाही. वाचत होतो."

तीन वाजून सहा मिनिटांनी मुलगी रडली.
हातमोजे काढत डॉक्टर बोबडे म्हणाले,
"घडलं तर काहीच नाही, रजिस्टरात काय लिहिता?
उगाच नव्या पोरीवर यायचं."
मी लिहिलं. वेळ. औषध.
कुणाच्या हातात: माझ्या.
कुणी अडवलं: तिचं पूर्ण नाव, आडनावासकट.

सकाळी वॉर्डात सुनंदाला सांगितलं,
रात्री मी तुला खोटं बोलले.
ती ऐकत राहिली, पोरीचं टोपडं सारखं करत.
"टोचलं त नाई न?"
"नाही."
"मंग वाचूनच टोचत जा न बाप्पा,"
आणि पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं.

दुपारी दोन्ही खोके दोन कपाटांत ठेवले,
एकावर लाल पट्टी चिकटवली,
औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं.
तळाशी जागा उरली होती.
पेन उघडंच होतं हातात.
ती जागा कोरी सोडली.