तिसरं माणूस

नियम साधा आहे. दरीत उतरायचं
तर किमान तीन माणसं हवीत.
का, म्हणून मी फोनवर विचारलं.
पलीकडची मुलगी म्हणाली, एक पडला
तर एक जवळ थांबतो,
आणि एक जातो सांगायला.

इतकं सरळ उत्तर मला
लग्नाबद्दलसुद्धा कुणी दिलं नव्हतं.

तर आम्ही दोघी, मी आणि ऑटिली स्वार्टबोई,
कीटमन्सहूपच्या पोस्टातून
एकाच शुक्रवारी निवृत्त झालेल्या.
दीडशे किलोमीटरवर फिश नदीची दरी.
जर्मनीहून माणसं येतात, बूट नवे, नाकं लाल,
आणि आम्ही त्यांच्या पोस्टकार्डांवर शिक्के मारत बसलो
एकतीस वर्षं.
हजारदा पाहिली मी दरी,
वीतभर लांब,
कोपऱ्यात दातेरी तिकीट.

आता मेणकापडावर नकाशा पसरलाय,
उडू नये म्हणून साखरेचा डबा, चष्म्याचं घर,
आणि ऑटिलीचं कोपर.
पाच दिवस. पंच्याऐंशी किलोमीटर. शेवटी
ऊन पाण्याचे झरे, आइ-आइस,
जिभेची टिचकी टाळूला मारून म्हणायचं नाव,
आमच्या नामा भाषेत: कढत-कढत.
तिथे पाय सोडून बसायचं, हे पहिल्या रात्रीच ठरलं.
बाकीचं अजून ठरतंय.

ऑटिलीने ताणकाटा काढला.
मक्याचं पीठ दोन किलो. वाळवलेलं मांस.
रॉइबोसच्या पुड्या, मीठ, दोरी,
मोजे तीन जोड.
बायबल?
"नवा करार तेवढा," ती म्हणाली.
"जुन्याचं वजन फार."

मग तिसरीचा शोध.
तिची बहीण मग्रिता: वाळूत झोपायचं? मी काय पाल आहे?
माझा मुलगा, विंडहुकहून: आई, वय बघ.
(वय मी रोज बघते. आरसा फुकट दाखवतो.)
पाद्री म्हणाले, प्रार्थनेत मी तुमच्यासोबत असेन.
मी कार्यालयात पुन्हा फोन केला.
नाही, तसं धरत नाहीत.

आणि डॉक्टरचं पत्र लागतं, चाळीस दिवसांच्या आतलं,
की हे हृदय, हे गुडघे, हा श्वास
खाली न्यायच्या लायकीचे आहेत.

डॉक्टर अमुतेन्या उत्तरेकडचा, ओशाकातीचा,
माझ्या मुलाहून लहान.
माझी छाती त्याने बराच वेळ ऐकली,
भिंतीला कान लावून शेजारचं भांडण ऐकावं तशी.
मग शिक्का मारला. तिरका, अर्धा फिका.
माझ्याने राहवेना.
"असा नाही," म्हटलं, "मनगट सैल, वजन खांद्यातून,"
आणि त्याचा हात धरून
ऑटिलीच्या कागदावर मारून दाखवला.
गोल, काळा, तारखेसकट.

तो शिक्क्याकडे बघत राहिला.
"चार वर्षांत किती जणांना सही करून पाठवलं," म्हणाला,
"मी स्वतः पाहिली नाही."
थोड्या वेळाने:
"तिसरा मी आलो तर?"

तुमचं पत्र कोण लिहिणार, ऑटिलीने विचारलं.
तो हसला, बाही वर केली,
पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळून
फुगा दाबत राहिला.
आम्ही दोघींनी कॅलेंडरकडे पाहिलं,
त्यावरही दरीच होती, जुलै महिना.
हवा सुटल्याचा आवाज आला. तो काही बोलला नाही.
"पुन्हा घेतो," म्हणाला.
पुन्हा घेतला.

सोमवारी या, म्हणाला.

रात्री ऑटिलीने मोज्यांचा एक जोड बाहेर काढला
आणि पिशवीत पत्र्याचा आणखी एक कप टाकला.
मी आकड्याबद्दल बोलले नाही, तीही नाही.
कप काढून मी ताणकाट्याला टांगला.
नव्वद ग्रॅम.
मावेल.