बावीस लिटर

रविवार कारंज्याजवळच्या दुकानात
निकुंभ शेठ सॅकच्या पोटातला कागदाचा बोळा काढत विचारतात,
"कॉलेजला का? लॅपटॉपला वेगळा कप्पा आहे."
मी म्हणते, हरणांच्या मागे जायचंय.
ते हसतात. मग हसायचं थांबून नीट बघतात माझ्याकडे.
"मोजायला," मी म्हणते. "वनखात्याचं काम आहे.
वैशाखी पुनवेला, ममदापूरच्या माळावर."

पहिली लाल. नको.
दुसरी निळी, उन्हात लांबून चमकेल अशी. नको.
तिसरीचा रंग वाळल्या कुसळीगवताचा,
पण खिशाला वेलक्रो.
मी तो एकदाच ओढते, खर्रर्र,
आणि तिथल्या तिथे, सुटकेसांच्या रांगेपलीकडे
चाळीस माना वर होतात,
कान वळतात,
माळ रिकामा.
"काय झालं?"
"गेली," मी म्हणते.

चेनसुद्धा वाजते. पण चेनला हळू बोलायला शिकवता येतं,
अंगठा लावून, एकेक दात सोडवत.
लोंबत्या पट्ट्यांना गाठी मारता येतात.
बाटली अर्धी झाली की पाणी आत डुचमळतं
आणि ते चालणाऱ्याच्या आधी पोचतं,
हे शेठना ठाऊक नव्हतं.
त्यांनी शेजारच्या भांडीवाल्याकडून पाच किलोचं माप आणवलं.
ते पाठीवर घेऊन मी उकिडवी चालले
काउंटरपासून आरशापर्यंत.
पोऱ्या तोंड दाबून हसला.
आरशात मला आज्या दिसला.

आज्याकडे झोळी होती.
आत तातीचे फासे, चिमूटभर तंबाखू, मीठ.
पुढे मोऱ्या बैल, चरायचं निमित्त करत,
मागे आज्या, बैलाच्या चार पायांतला पाचवा.
झोळी जाताना चपटी,
येताना तिच्यातून ठिबकायचं.
कायदा आला, फासे गेले,
मोऱ्या म्हातारा होऊन मेला,
आज्या आता खाटेवरून वारा कुठला ते सांगतो, बस.

निघताना त्याला विचारलं, केवढी घेऊ?
म्हणाला, "काय आणणार त्यावर."
"आकडा."
"आकड्याला झोळी कशाला लागते?"
खूप वेळ खोकला. मग म्हणाला,
"तोंड एकच ठेव तिला.
दोन तोंडांची झोळी उघडून दाखवायला वेळ लागतो.
तेवढ्यात माणूस काठी उचलतो."

मला आठवली गेल्या वर्षीची ठक्कर बाजारची बाकडी.
माझंच नाव, माझंच गाव ऐकून
हवालदारानं सगळं बाहेर मांडायला लावलं:
स्वेटर, भाकरी, वही,
मोजणीचा तक्ता (सदतीस माद्या, अकरा नर, सहा पाडसं),
दुर्बीण.
"ही कुणाची?"
माझी.
त्यानं ती डोळ्याला लावली, उलटी,
आणि उभ्या गाड्यांकडे बघत राहिला
त्या फार लांब गेल्यासारख्या.

"चाळीस लिटरची घ्या," शेठ म्हणतात,
"दोनशेच रुपयांचा फरक. जागा उरली तर उरली."
उरलेल्या जागेचाच तर प्रश्न आहे, शेठ.
तिथे काय होतं, हे लोक आपापलं ठरवतात.
मी बावीसची घेते. मातकट. एक चेन, एक तोंड.
पाणी, भाकरी, ठेचा, वही, दुर्बीण,
आणि सगळ्यात वर, हाताला आधी लागेल असं,
खात्याचं ओळखपत्र.
साडेअकराशेची नऊशे ऐंशीला.
कागदाचा बोळा आतच राहू दिला,
आकार धरून राहावा म्हणून.

स्टँडवर येवल्याची गाडी लागायची होती.
खांबापाशी एक खाकी उभा,
चहा पीत, पेल्यावरून बघत.
त्यानं काही विचारलं नाही.
बहुतेक विचारणारही नव्हता.
माझा हात तेवढ्यात मागे गेला होता,
चेन अर्धी उघडली होती.

आवाज मात्र झाला नाही.
तेवढं पारखून घेतलं होतं.